दोनशे तीनचा फेरफार

मी माणसं विसरत नाही. कुणी चांगलं केलं तर तेही लक्षात ठेवते, पण वाईट केलेलं जरा जास्त नीट ठेवते, डांबरगोळ्या घालून. आई म्हणायची, "एवढा डूख बरा न्हाई पोरी." मी हो म्हणायचे आणि डूख धरायचे. त्यातला सगळ्यात मोठा नऊ वर्षं धरला. तो कसा सोडला ते सांगते. सांगताना मला अजूनही बरं वाटतं, हे आधीच कबूल केलेलं बरं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचं घर वारूळवाडीत, वडिलांची टोमॅटोची शेती. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात पोरीला नोकरी लागेल या आशेवर त्यांनी मला पुण्याला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला पाठवलं. दुर्बिणीत काही लागली नाही, जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात लागली. दर वर्षी जूनमध्ये नवी ऑर्डर निघायची, तशी तात्पुरती. तिथं एका खोलीत एक सर्व्हर होता आणि त्याला जोडलेले आठ पडदे. त्यावर बसणाऱ्या प्रत्येकाचं आपापलं खातं असायचं. नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, की आपलं कपाट उघडायचं. माझं खातं माझ्या नावाचं होतं. चार अक्षरी नाव, आजोबांनी ठेवलेलं.

दोन वर्षं खपून मी परीक्षेचा प्रोग्रॅम लिहिला. त्याआधी निकालाचं रजिस्टर सहा प्राध्यापक आठ दिवस बसून हातानं लिहायचे आणि तरी बेरजा चुकायच्या. माझा प्रोग्रॅम तेच काम एका दुपारी करायचा. लांबच लांब कागदावर प्रिंटर करकरत पानं ओकायचा आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ यायची: तयार करणार, आणि पुढे नाव. ते नाव मी हातानं टाकलेलं नव्हतं. फाईल ज्याच्या मालकीची असेल त्याचं नाव प्रोग्रॅमनं स्वतः शोधून छापायचं, असं मी त्याला शिकवलं होतं. उद्या कुणी माझ्या कामात हात घातला तर कुणी घातला ते कळावं, एवढाच हेतू होता. मला तेव्हा मी फार हुशार आहे असं वाटायचं.

आमच्या विभागाचे प्रमुख असलेले सर खूश होते. त्या वर्षी एक कायम जागा निघणार होती आणि "प्रोग्रॅम ज्याचा, जागा त्याची," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. एकदा तर शिपायासमोर सांगितलं.

मे महिन्यात माझं लग्न झालं. मुलगा मंचरचा, खतांचं दुकान असलेला, बोलायला मऊ. आमच्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायची पद्धत होती. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, मग सगळ्यांनी पेढे खायचे. मी साखरपुड्यातच सांगितलं होतं की माझं नाव राहू द्या. सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात बदलत्यात. मोठीचं बदललं, मधलीचं बदललं, तुझंच काय ठेवायचं?" मांडवात ताट आलं. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या आईकडे बघितलं आणि तीन अक्षरं लिहिली. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. मी तो खाल्ला, आणि चांगला झाला होता हे सांगायला मला अजून राग येतो.

पण डूख तो नव्हे. नवऱ्यानं पुढं बरंच भरून काढलं. डूख कॉलेजातला.

माझे सासरे आणि आमचे सर जुने ओळखीचे. लग्न झाल्यावर सासरे पेढे द्यायला कॉलेजात गेले, तेव्हा सरांकडच्या पत्रिकेवर माझ्या छापील नावाखाली पेनानं नवं नाव लिहून गेले. म्हणाले, "सर, सुनंचं आता हे नाव. हजेरीला, कागदाला, समदीकडं हेच लावा." कौतुकानं केलं त्यांनी. सरांनीही कौतुकानंच घेतलं. मी देवदर्शनाला लेण्याद्रीच्या पायऱ्या चढत होते, मागून नणंद 'नाव घे, नाव घे' म्हणून छळत होती, आणि तिकडे कॉलेजात माझं नाव पुसलं जात होतं.

ते काम सरांनी त्यांच्या मेहुण्याला सांगितलं. माझ्या रजेपुरता त्याला बोलावलं होतं. तिशीकडे आलेला, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्याला खातं कसं हाताळतात ते ठाऊक नव्हतं. नाव बदलायचं म्हणजे जुनं पुसायचं आणि नवं लिहायचं, असं त्याला वाटलं. ताटातल्या तांदळाला हात फिरवून सारखं करतात ना, तसं त्यानं माझं खातं काढून टाकलं. मग आधी स्वतःसाठी एक नवं खातं उघडलं, आणि मग माझ्या नव्या नावाचं.

इथं एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, आणि ती वडिलांनी मला एका वाक्यात सांगितली तशी मला कुणालाच सांगता आलेली नाही. सर्व्हरला आपल्या नावाशी काही देणंघेणं नसतं. तो प्रत्येक खात्याला एक नंबर देतो आणि फाईल त्या नंबरची असते. नाव फक्त आपल्याला वाचायला. माझा नंबर दोनशे तीन. माझं खातं काढलं, दोनशे तीन रिकामा झाला, आणि मेहुण्यानं खातं उघडल्याबरोबर सर्व्हरनं पहिला रिकामा नंबर त्याच्या हातात ठेवला. माझ्या फायली जागच्या हलल्या नाहीत. एका क्षणात त्या सगळ्या त्याच्या झाल्या. हे मी घरी समजावत बसले तेव्हा वडील कांदा निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "म्हंजी गट नंबर तोच, सातबाऱ्यावं दुसऱ्याचं नाव चढलं. आन तलाठी त्याचाच मेव्हणा."

रजेवरून आले त्या दिवशी हाताची मेंदी अजून गेली नव्हती. जुनं नाव टाकलं, सर्व्हरनं नाही म्हटलं. नवं टाकलं, आत गेले. कपाट रिकामं. दोन वर्षांच्या कामाची एक ओळ नाही. मग मी सगळ्या फायलींची यादी काढली आणि मालकाच्या रकान्यात खालपर्यंत त्या माणसाचं नाव बघितलं. शेवटी रजिस्टरचं एक पान छापून बघितलं. तळाशी माझ्याच प्रोग्रॅमनं, माझ्याच शिकवणीप्रमाणे, इमानदारीनं त्याचं नाव छापलं.

मी पान घेऊन सरांकडे गेले. अजून मला वाटत होतं की चूक आहे, पाच मिनिटांत दुरुस्त होईल. सर पान बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं ते मी पाहिलं. चूक त्यांना कळली होती, आणि ती किती सोयीची आहे तेही कळलं होतं.

"मॅडम, कॉम्प्युटर तर वेगळंच सांगतोय," ते म्हणाले.

मी फायलींच्या तारखा दाखवल्या. सगळ्या फायली मेहुणा यायच्या आधीच्या होत्या. सर म्हणाले, लाईट गेली की मशीनचं घड्याळ मागं जातं, तारखांचं काय घेऊन बसलात. घड्याळ खरंच मागं जायचं. मी म्हणाले, निदान माझं जुनं नाव तरी मला परत द्या. स्टाफरूममधले चारपाच जण दारात जमले होते. सर त्यांच्याकडे बघून हसले.

"जुनं नाव पाहिजे तर सोडचिठ्ठीचा कागद आणा. पुराव्याशिवाय आम्ही कसं बदलणार?"

सगळे हसले. शिपायानंसुद्धा तोंडावर हात धरला. जूनमध्ये मेहुण्याची कायम नेमणूक झाली, परीक्षेच्या प्रोग्रॅमबद्दल नारळ आणि शाल मिळाली, आणि माझी नवी ऑर्डर निघालीच नाही.

मी वारूळवाडीला जाऊन दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी आईच्या पत्र्याच्या पेटीत शेवयांच्या पाटाखाली ठेवलेलं पाकीट आठवलं.

कॉलेजची ती खोली गळायची. म्हणून दर शनिवारी सगळ्या फायलींची नक्कल टेपवर उतरवायची आणि ती टेप मी घरी न्यायची, अशी आमची रीत होती. रीत सरांचीच. बाहेर जाणारी टेप पाकिटात घालून चिकटवायची आणि चिकटवलेल्या जागेवर सरांनी तारखेसह सही करायची. रजेवर जायच्या आधीच्या शनिवारची टेप माझ्याकडे राहिली होती. पाकीट न फोडलेलं. त्यात दोनशे तीन नंबर होता आणि नंबरासमोर माझं चार अक्षरी नाव.

मला लगेच धावायचं होतं. वडिलांनी अडवलं. "वाचायचं मशीन कुठंय?" मी म्हटलं, कॉलेजात. "मंग ते फोडतील आन म्हणतील, रिकामी हाय. आता न्हाई. तू तलाठी झालीस की काढ." मी पाकीट परत पाटाखाली सारलं. कॉलेजातून ती शेवटच्या शनिवारची टेप मागायला एकदा शिपाई आला, त्याला आईनं चहा पाजून, "पोरगी सासरी गेली, मला काय कळतंय," म्हणून वाटेला लावलं.

तलाठी व्हायला वेळ लागला. मंचरला एका क्लासमध्ये दोन वर्षं मुलांना शिकवलं. मग कॉलेजांना सर्व्हर बसवून देणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीत लागले. घोडेगावपासून ओतूरपर्यंतची कॉलेजं माझ्याकडे. खाती हा माझा खास विषय झाला, का ते सांगायला नको. दर मेमध्ये लग्नं व्हायची आणि जूनमध्ये नव्या नवऱ्या कामावर यायच्या. हिरवा चुडा, पिवळे हात, कीबोर्डवर हळदीचे डाग. कॉलेजचा क्लार्क नव्या नावांची यादी माझ्या हातात द्यायचा. मी ती बाजूला ठेवून प्रत्येकीला आधी विचारायचे, तुला बदलायचंय का? कुणी हो म्हणायची, कुणी लाजायची. घोडेगावची एक जण रडली आणि नाही म्हणाली. तिचं मी नाही बदललं, क्लार्क माझ्याशी महिनाभर बोलला नाही. जिचं बदलायचं तिचं खातं कधी काढलं नाही. नंबर तोच, कपाट तेच, वरची पाटी फक्त नवी. कंपनीत त्याची लेखी नियमावली मी केली. माझा साहेब म्हणायचा, एवढ्याशा गोष्टीची चार पानं कशाला? मी म्हणायचे, असू द्या.

त्या चार पानांत शेवटून दुसरं एक कलम होतं. जुना सर्व्हर बदलताना प्रत्येक फाईल मूळ मालकाच्या नंबरावर करावी आणि शंका आल्यास सर्वांत जुना सीलबंद बॅकअप ग्राह्य धरावा. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की सगळ्या कॉलेजांसाठी आहे. होतंच सगळ्यांसाठी. पण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एकच कॉलेज होतं.

नवव्या वर्षी सर्व्हर बदलायला ते कॉलेज आलं.

सर आता प्राचार्य होते आणि निवृत्तीला आले होते. मेहुणा विभाग सांभाळत होता. सर जायच्या आधी त्याला प्रमुख करून जाणार हे चहावाल्यालाही ठाऊक होतं. परीक्षेचा प्रोग्रॅम अजून माझाच चालत होता. नऊ वर्षांत त्याला एकाही ओळीचा हात लागलेला नव्हता, कारण हात लावायचा कुठं हे त्याला कळत नव्हतं.

"या या मॅडम," मेहुणा म्हणाला. "घरचाच माणूस आला म्हणायचा." त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. मला वाटतं तो खरंच विसरला होता. तेवढं मला सगळ्यात जास्त लागलं. मी चार पानं पुढे केली. म्हणाले, वाचून प्रत्येक पानावर सही करा. त्यानं न वाचता चार सह्या केल्या, पेनाला टोपण लावलं आणि चहा मागवला. सरांनीही त्याच्या सहीखाली सही केली.

शनिवारी मी कामाला लागले. आईकडून पाकीट आणलं होतं. कॉलेजच्या रजिस्ट्रारना शेजारी बसवलं, सरांची सही त्यांना दाखवली आणि त्यांच्या हातानं पाकीट फोडून घेतलं. टेप नऊ वर्षांची, वाचेल की नाही याची मला खात्री नव्हती. जुनं मशीन खरखरलं, थांबलं, पुन्हा खरखरलं आणि यादी पडद्यावर उतरू लागली. दोनशे तीन. दोनशे तीन. दोनशे तीन. समोर माझं नाव. रजिस्ट्रार चष्मा वर करून म्हणाले, "हे कोण?" मी म्हटलं, "सोमवारी सांगते." त्यांनी यादीवर सही केली.

मग मी नियमाप्रमाणे वागले. दोनशे तीनवर मूळ मालकाचं नाव चढवलं. मेहुण्याला नवा नंबर दिला आणि टेपनंतर त्यानं स्वतः केलेली प्रत्येक फाईल शोधून त्याच्या कपाटात ठेवली. एकही मागे ठेवली नाही. दोन वेळा तपासलं, कारण उद्या मला कुणी चोर म्हणायला नको होतं.

सोमवारी संस्थेच्या अध्यक्षांसमोर निकालाचं रजिस्टर ठेवायचं होतं. प्रिंटर सकाळभर करकरत होता. मी बाहेरच्या बाकावर बसून तो आवाज ऐकत होते. इतका गोड मला सनई-चौघडाही लागला नव्हता. बाराच्या सुमारास शिपाई आला. तोच, तोंडावर हात धरणारा, आता केस पांढरे झालेले. "मॅडम, आत बोलवलंय. लई तापल्यात."

आत अध्यक्ष रजिस्टरची पानं उलटत होते. सर उभे होते, मेहुणा त्यांच्या मागे.

"प्रत्येक पानावर तयार करणार म्हणून एका बाईचं नाव आहे," अध्यक्ष म्हणाले. "इतकी वर्षं तर वेगळं नाव येत होतं. ही कोण?"

"काहीतरी तांत्रिक चूक आहे," सर म्हणाले. "या नावाची कुणी बाई आपल्याकडे नोकरीला नाही. मॅडम, ते आधी बदलून घ्या."

मी त्यांच्या सह्यांची चार पानं टेबलावर ठेवली, त्यावर रजिस्ट्रारनी सही केलेली यादी, त्यावर फोडलेलं पाकीट. सरांनी पाकिटावरची स्वतःची सही ओळखली. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या चेहऱ्यावर जे सरकलं होतं ते आता उलटं सरकताना मी पाहिलं. पण माणूस पक्का होता.

"ठीक आहे," ते म्हणाले. "असेल कुणी. पण ती बाई तुम्हीच कशावरून? तुमच्या ओळखपत्रावर तर वेगळं नाव आहे. पुरावा आहे?"

या प्रश्नाची मी नऊ वर्षं वाट बघत होते. बसमध्ये, भाकरी थापताना, पोरांना अंघोळ घालताना मी तो त्यांच्या तोंडात घालून बघितला होता.

"सोडचिठ्ठी नाही आणली सर," मी म्हणाले. "लग्नपत्रिका चालेल? तुमच्याच कपाटात आहे."

रजिस्ट्रारनी माझी जुनी फाईल काढली. धुळीनं ते शिंकले. आत पिनेनं टोचलेली पत्रिका होती. वर छापलेलं माझं चार अक्षरी नाव, खाली सासऱ्यांच्या हातचं तीन अक्षरी, आणि कोपऱ्यात सरांची सही, 'बदल केला', तारीख. ती तारीख टेपच्या तारखेच्या पाच दिवस पुढची होती. ज्या कागदानं माझं नाव पुसलं त्यावरच ते लिहिलेलं होतं. अध्यक्षांनी पत्रिका दोनदा वाचली, रजिस्टर मिटलं आणि सरांना म्हणाले, "प्रमुखाच्या नेमणुकीचं आपण नंतर बघू." त्या खोलीतलं 'नंतर' म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळलं.

मला वाईट वाटायला हवं होतं. म्हातारा माणूस, निवृत्तीला दोन महिने, खुर्ची चाचपत बसला. मी आत शोधून बघितलं, वाईट वाटणं कुठं सापडलं नाही. मी बाहेर येऊन शिपायाकडे पाणी मागितलं. त्यानं ग्लास दोन्ही हातांनी दिला आणि मला हाक मारली, चार अक्षरी नावाच्या पुढे ताई लावून. नऊ वर्षांत माहेराबाहेर चारचौघांत त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. नवरासुद्धा पहिली दोन वर्षं एकांतात मारायचा, मग सवय गेली. मी ते पाणी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

मी पायऱ्या उतरत होते तेवढ्यात मेहुणा मागून आला. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो आपल्या खात्यात जाऊन आला होता.

"मॅडम, माझ्या कपाटात काहीच दिसत नाही. दोन रजेचे अर्ज आणि एक पत्त्यांचा खेळ, बस. बाकीचं कुठं गेलं?"

"कुठं जाईल," मी म्हणाले. "नऊ वर्षांत तुम्ही जे केलं, ते सगळं तिथं आहे. मोजून घ्या."